कुत्र्याला फ्रेमबाहेर काढू नका

शेतावर किंवा अंगणात कुटुंबाचा फोटो काढताना आपण आधी कुत्र्याला हाकलतो. ही सवय सोडावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. चोपडा तालुक्यात तापीकाठच्या केळीबागा राखणारा, सातपुड्याच्या पायथ्याशी पाड्यावर दारात बसणारा, धुळ्याकडच्या ठेलारींच्या मेंढ्यांबरोबर चालणारा कुत्रा त्या माणसांच्या कष्टांचा वाटेकरी असतो. त्याला वगळले की त्यांच्या जगण्यातला मोठा भाग चित्रातून निसटतो.

आपल्या देवघरात त्याला मानाची जागा आहे. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात. परंपरा त्यांना चार वेद मानते. खंडोबाच्या टाकावर घोड्याच्या जोडीला कुत्रा दिसतो.

युरोपीय चित्रकारांनी तर त्याच्या जागेतून अर्थ घडवला. यान व्हॅन आयकने 1434 साली अर्नोल्फिनी दांपत्याच्या पायाशी लहानसा कुत्रा रंगवला. तो निष्ठेची खूण मानला जातो, काही अभ्यासकांना त्यात श्रीमंती दिसते. टिशियनच्या 1533च्या चित्रात सम्राट पाचव्या चार्ल्सचा हात धिप्पाड कुत्र्याच्या गळपट्ट्यावर आहे; तिथे सत्ता दिसते. वेलास्केझच्या 1656च्या ‘लास मेनिनास’मध्ये राजवाड्यातला कुत्रा पाठीवर पाय पडूनही शांत बसून आहे. प्राणी एकच, पण जागा बदलली की अर्थ बदलतो.

चाळीसगावच्या केकी मूस यांच्या टेबलटॉप छायाचित्रांचा धडा हाच आहे: फ्रेममधली प्रत्येक वस्तू विचार करून ठेवलेली हवी. कुत्र्यालाही तोच न्याय लावा. मात्र भाड्याने आणलेला, नटवलेला कुत्रा नको. नाते खरे नसेल तर ते दोघांच्याही डोळ्यांत दिसते.

तंत्राचे थोडे. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा आणि फोकस डोळ्यावर ठेवा. समोरून थेट फ्लॅश टाळा, डोळे चमकतात. काळ्या कुत्र्याने फ्रेम भरली असेल तर मीटर फसतो आणि काळा रंग राखाडी येतो, म्हणून एक्स्पोजर थोडे कमी करा. बाजूने येणाऱ्या सकाळच्या उन्हात केसांचा पोत उठून दिसतो. कुटुंबाला आधी मांडून घ्या, कुत्र्याला शेवटी बोलवा. त्याचा धीर लवकर संपतो.

पुढच्या कामाला जाल तेव्हा घरच्यांना एवढेच विचारा: कुत्रा कोणाचे ऐकतो? ज्याचे ऐकतो, त्याच्याजवळ त्याला बसवा. मग ते आजोबा असोत, शाळकरी मुलगी असो की शेताचा सालदार.