नारळांच्या बेटावरचा रुपया

यंदा मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पर्थला माझ्या धाकट्या भावाकडे गेलो होतो. त्याच्या हौसेपायी तिथून कोकोस बेटंही पाहून आलो. पर्थपासून जवळजवळ पावणेतीन हजार किलोमीटर दूर, हिंदी महासागरात ही 27 चिमुकली बेटं आहेत. माणसांची वस्ती फक्त दोनांवर. विमान एकावर उतरतं, दुसऱ्यावर लाँचनं जायचं. जिकडे पाहावं तिकडे माडच माड! मला तर कोकणातच आल्यासारखं वाटलं.

या दुसऱ्या बेटावर क्लुनीज-रॉस घराण्याचा जुना वाडा आहे. त्याचं नाव ओशनिया हाउस. या घराण्याचा मूळ पुरुष स्कॉटलंडचा, जहाजावरचा कप्तान. 1827 साली तो बायकामुलांसह इथं येऊन राहिला. 1886 मध्ये व्हिक्टोरिया राणीनं ही बेटं या घराण्याला कायमची देऊन टाकली. मग काय, दुमजली वाडा उठला. त्याच्या पांढऱ्याशुभ्र, चकचकीत विटासुद्धा स्कॉटलंडहून जहाजानं आणलेल्या! सभोवार उंच भिंत आणि आत बाग. खालची जमीन म्हणजे नुसती पोवळ्यांची वाळू, वर खारा वारा. अशा जागी बाग जगवणं सोपं नव्हे. आपल्या गच्चीतला मोगरा जगवताना माझी काय त्रेधा उडते, ते आठवलं. "काय थाट आहे!" हे म्हणाले. मीही मान डोलावली.

पण मग आम्ही तिथलं छोटंसं वस्तुसंग्रहालय पाहिलं. तिथं कळलं ते रुपयाचं. हो, रुपयाच! नारळ गोळा करायचे, फोडायचे, खोबरं वाळवायचं, हे सगळं काम मलायी कुटुंबांचं. त्यांतल्या काहींच्या पूर्वजांना तर इथं गुलाम म्हणून आणलेलं. त्यांना मजुरी मिळे ती मालकानंच काढलेल्या नाण्यांत. 1913 साली काढलेली नाणी हस्तिदंती रंगाच्या प्लॅस्टिकची होती, आपल्या सोंगट्यांसारखी. ती चालत फक्त मालकाच्या दुकानात. म्हणजे पैसा त्याचा, दुकान त्याचं आणि भावही तोच ठरवणार. राहायला घर मिळे, कामाची ददात नव्हती, हेही खरं. पण बेट सोडून गेलेल्याला परत येण्याची मुभा नसे, आणि ती नाणी बाहेर कवडीमोलाची!

हे कुठवर चाललं असेल? थेट 1970 नंतरपर्यंत. 1978 मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारनं साडेबासष्ट लाख डॉलर देऊन बहुतेक सगळी जमीन विकत घेतली. 1984 साली संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली मतदान झालं आणि लोकांनी मोठ्या बहुमतानं ऑस्ट्रेलियात सामील व्हायचं ठरवलं.

बाहेर आल्यावर ती पांढरी भिंत पुन्हा दिसली. पण आता माझं लक्ष बागेकडे लागेना. मला आठवत होत्या आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशी.

गेल्या दिवाळीत त्या म्हणाल्या होत्या, "ताई, साडी नको यंदा. पैसेच द्या. पोरीची फी भरायचीय." मला ते लागलं होतं. एवढी निवडून, चांगली जरीकाठी साडी आणलेली! मी साडीच दिली, आणि वर चार दिवस फुरंगटून बसले.

शाळेतला माझा पहिला पगार हातात आला, तेव्हा मी काही न घेता उगीचच तीन दुकानं हिंडून आले होते. हवं तिथं, हवं ते घेता येतं याचाच आनंद! तो आनंद मी मावशींना नाकारला होता. माझी साडी म्हणजे माझ्याच दुकानात चालणारं नाणं नाही का?

परत आल्यावर मावशींना फीचे पैसे दिले. बोनस म्हणूनच, उपकार म्हणून नव्हे. आणि आता दिवाळीचा हिशेब मांडताना साडीच्या ओळीवर काट मारून तिथं रोख रक्कम लिहिली आहे. मावशी त्याचं काय करतील, ते मी विचारणार नाही. जड जाईल मला, पण नाही विचारणार.

तुमच्या दिवाळीच्या यादीत काय लिहिलंय? एकदा काढून पाहा बरं.