लपविलेल्या इतिहासाचे वारसदार

१९८४ च्या नोव्हेंबर महिन्यात दिल्लीत जे घडले, त्याला सरकारी कागदपत्रांत आणि वृत्तपत्रांच्या रकान्यांत आजही ‘दंगल’ म्हटले जाते. दंगलीला दोन बाजू असतात. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या त्या तीन-चार दिवसांत लोखंडी कांबी, रॉकेल आणि मतदारयाद्या एकाच बाजूच्या हातात होत्या. दुसऱ्या बाजूला होती ती शिखांची घरे. अहुजा समितीने १९८७ साली दिलेल्या अधिकृत आकड्यानुसार एकट्या दिल्लीत २,७३३ शीख मारले गेले. या घटनेला ‘दंगल’ म्हणणे म्हणजे गुन्हेगारांना शब्दकोशातच माफी देऊन टाकण्यासारखे आहे. शोनाली बोस यांचा ‘अमू’ हा जानेवारी २००५ मध्ये प्रदर्शित झालेला चित्रपट नेमका या माफीला आव्हान देतो, आणि म्हणूनच तो आजही पुन्हा पाहण्याजोगा आहे.

कथानक साधे आहे. अमेरिकेत वाढलेली एकवीस वर्षांची काजू दिल्लीत नातेवाइकांकडे येते. आपण दत्तक आहोत हे तिला ठाऊक आहे. परंतु शहरातील एका गरीब वस्तीत पाऊल टाकताच तिला ती जागा ओळखीची वाटू लागते, आणि रात्री दुःस्वप्ने पडू लागतात. कबीर या सुखवस्तू घरातील विद्यार्थ्याच्या सोबतीने ती शोध घेते, तेव्हा जन्मदात्या आईवडिलांविषयी आजवर सांगितलेली हकिकत खोटी असल्याचे तिला कळते. ती मूळची अमू, १९८४ च्या हत्याकांडात उद्ध्वस्त झालेल्या एका शीख कुटुंबाची मुलगी. कोंकणा सेन शर्मा यांनी ही भूमिका केली असून, दत्तक आई केया हिच्या भूमिकेत मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या नेत्या बृंदा करात आहेत. स्वतः शोनाली बोस १९८४ साली दिल्लीत विद्यार्थिनी होत्या व त्यांनी मदत छावण्यांत काम केले होते. चित्रपटातील तपशिलांचा खरेपणा तेथून आलेला आहे.

एखाद्या कुटुंबाला त्याच्याच शेजारात परके ठरविण्यासाठी काय लागते? पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स आणि पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनांनी नोव्हेंबर १९८४ मध्येच प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अहवालात त्याचे उत्तर आहे. शिखांनी मिठाई वाटली, शहराच्या पाण्यात विष कालविले, पंजाबातून प्रेतांनी भरलेल्या गाड्या आल्या, अशा अफवा पसरविण्यात आल्या. दोन अंगरक्षकांच्या कृत्यासाठी संपूर्ण जमातीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यात आले. आणि मारले कोण गेले? सर्वाधिक बळी त्रिलोकपुरी, मंगोलपुरी, सुलतानपुरी यांसारख्या पुनर्वसन वसाहतींतील होते. हे लोक बहुतांशी हातावर पोट असणारे कष्टकरी होते. शिखांना आपल्या घरात दडवून वाचविणारे हिंदू व मुसलमान शेजारीही याच शहरात होते, ही गोष्ट तितक्याच आग्रहाने सांगितली पाहिजे.

चित्रपटाचे खरे मर्म मात्र दोन घरांतील मौनात आहे. कबीरचे वडील वरिष्ठ अधिकारी आहेत. त्यांचे मौन अपराधाचे आहे. केया ही नागरी हक्कांची कार्यकर्ती आहे. तिचे मौन मायेचे आहे. एकाने स्वतःला वाचविण्यासाठी सत्य दडविले, दुसरीने मुलीला वाचविण्यासाठी. दोन्ही घरांतली मुले मात्र सारखीच अंधारात वाढली. पुरोगामी चळवळीतील प्रत्येकाने विचार करावा असा हा धडा आहे. जखम उघडी पडू नये म्हणून बाळगलेल्या मौनाचा फायदाही शेवटी गुन्हेगारालाच मिळतो. काजू ‘मोठी’ होते ती वयाने नव्हे, तर आपला इतिहास ताब्यात घेऊन.

शासनाला नेमके हेच नको होते. सेन्सॉर मंडळाने ‘अमू’ला केवळ प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र दिले. हत्याकांडातून वाचलेल्या विधवांच्या तोंडची, सत्ताधाऱ्यांवर व पोलिसांवर ठपका ठेवणारी वाक्ये गाळावी लागली. दिग्दर्शिकेने तेथे दुसरी वाक्ये घातली नाहीत. पडद्यावर ओठ हलतात आणि आवाज येत नाही. याच चित्रपटाला पुढे इंग्रजी भाषेतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही देण्यात आला! तीन वर्षांच्या अमूला जे प्रत्यक्ष पाहावे लागले, ते पडद्यावर पाहण्यास सतरा वर्षांचा तरुण अपात्र ठरला. हत्याकांड घडत असताना कोणत्याही बालकाचे वय विचारण्यात आले नव्हते.

न्यायाची कथाही याहून निराळी नाही. मिश्रा आयोगापासून नानावटी आयोगापर्यंत चौकशांची मालिका चालू राहिली. नानावटी आयोगाचा अहवाल ऑगस्ट २००५ मध्ये संसदेपुढे आला आणि पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी राज्यसभेत क्षमा मागितली. काँग्रेसचे माजी खासदार सज्जन कुमार यांना दिल्ली उच्च न्यायालयाने जन्मठेप ठोठावली ती १७ डिसेंबर २०१८ रोजी, म्हणजे चौतीस वर्षांनी. फेब्रुवारी २०२५ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात त्यांना पुन्हा जन्मठेप झाली. तोवर किती साक्षीदार आणि किती विधवा वाट पाहून गेल्या असतील! श्रीकृष्ण आयोगाने १९९८ साली मुंबईतील १९९२-९३ च्या हिंसाचाराविषयी दिलेल्या अहवालाचे पुढे काय झाले, हे मराठी वाचकांना सांगण्याची गरज नाही.

‘अमू’ संपतो तो गोध्र्याच्या बातमीने. पुढे २००२ साली गुजरातेत काय घडले ते प्रेक्षकाला माहीत असते. काजू आणि कबीर यांना अजून माहीत नसते. १९८४ च्या गुन्हेगारांना वेळीच शिक्षा झाली असती तर पुढील गुन्हेगारांना इतके धैर्य आले असते काय, हा प्रश्न चित्रपट उच्चारत नाही, पण प्रेक्षकाला तो घरी घेऊन जावा लागतो.

आज शिखांच्या वेदनेचे स्मरण करणारे काही जण गुजरातचा विषय निघताच गप्प होतात, आणि गुजरातविषयी बोलणारे काही जण १९८४ चा विषय निघताच. जमातवादाविरुद्धचा लढा असा सोयीने वाटून घेता येत नाही. जेथे जेथे आपल्या शाखा आहेत, तेथे तरुणांना हा चित्रपट दाखवावा, आणि तो संपल्यावर दिवे लावून चर्चा करावी. ज्या वाक्यांचा आवाज काढून घेण्यात आला, ती वाक्ये निदान तेथे तरी मोठ्याने बोलली जावीत.