शूर्पकर्णापुढे डॉल्बी

श्रीगणेशाच्या अनेक नामांपैकी ‘शूर्पकर्ण’ हे नाम अथर्वशीर्षाच्या पाठात आपण भक्तिभावाने उच्चारतो. शूर्प म्हणजे सूप. ज्याचे कान सुपासारखे आहेत तो शूर्पकर्ण. सुपाचा धर्म पाखडण्याचा. दाणे राखावेत आणि फोल उडवून द्यावे. भक्ताच्या अंतःकरणातील हाक तेवढी ठेवून घेणारा आणि भोवतालचा कोलाहल वाऱ्यावर सोडणारा देव, असा या नामाचा भावार्थ आपल्या प्रवचनकारांनी सांगितला आहे.

अशा देवतेच्या उत्सवात ‘डॉल्बी’ हा शब्द आता घरोघरी परिचित झाला आहे. सातारा, सांगली, कोल्हापूरपासून पुण्यापर्यंत मिरवणुकीतील वाहनांवर ध्वनिक्षेपकांची जी भिंत रचली जाते, तिलाच लोक डॉल्बी म्हणतात. ‘डॉल्बीमुक्त गणेशोत्सव’ साजरा करा, असे आवाहन पोलिसांना करावे लागते. परंतु हे नाव मुळात एका माणसाचे आहे, आणि त्या माणसाने आयुष्यभर जे कार्य केले ते सुपाचेच होते, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक असेल?

रे डॉल्बी यांचा जन्म १९३३ साली अमेरिकेतील पोर्टलंड येथे झाला. चित्रफितीवर दृश्य मुद्रित करणारे पहिले व्यवहारोपयोगी यंत्र ॲम्पेक्स कंपनीने १९५६ मध्ये सिद्ध केले. ते घडविणाऱ्या तरुणांत ते होते. पुढे केंब्रिज येथे पदार्थविज्ञानातील डॉक्टरेट संपादन करून १९६३ मध्ये ते युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात आले व चंदीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेत त्यांनी काम केले. १९६५ साली भारतातून परतल्यावर त्यांनी लंडनमध्ये स्वतःची प्रयोगशाळा स्थापन केली. तेथे त्यांनी हाती घेतलेला प्रश्न होता तो ध्वनिफितीवरील खरखरीचा.

ही खरखर म्हणजे काय, हे समजून घेण्याजोगे आहे. ध्वनिफितीवर चुंबकीय कणांचा लेप असतो. त्या कणांच्या अनियमित मांडणीमुळे फीत वाजू लागली की बारीक ‘हिस्स’ असा आवाज सतत उमटत राहतो. मोठ्या स्वरांखाली तो झाकला जातो. परंतु गायक हळुवार आलापीवर आला, की ती खरखर कानावर येते. फितीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी प्रत काढावी तसतशी ती वाढत जाते. नाजूक स्वरांची हानी त्यामुळे सर्वांत अधिक होत असे.

डॉल्बींनी शोधलेला उपाय जितका साधा तितकाच मार्मिक होता. मोठ्या स्वरांना त्यांनी हातच लावला नाही. केवळ हळू स्वर तेवढे मुद्रणाच्या वेळी सुमारे १० डेसिबलने उचलून घेतले. फीत वाजविताना तेच स्वर नेमके तितकेच खाली आणले. स्वर आपल्या मूळ जागी परत आला. मधल्या काळात फितीने मिसळलेली खरखर मात्र त्याच्याबरोबर तितकीच खाली गेली. दाणे सुपात राहिले, फोल उडाले. १९६६ मध्ये लंडनच्या डेक्का कंपनीने ही पद्धत प्रथम स्वीकारली. १९६८ मध्ये घरगुती उपकरणांसाठी तिचे सोपे रूप निघाले, आणि पुढे चांगल्या टेपरेकॉर्डरवर ‘डॉल्बी’ नावाची कळ दिसू लागली. १९७० नंतरच्या दशकात हे तंत्र चित्रपटांच्या ध्वनीतही आले. बहुधा चित्रपटगृहांच्या पाट्यांवरूनच हे नाव आपल्या बोलीत उतरले आणि रस्त्यावर येताच त्याचा अर्थ पार उलटा झाला. १२ सप्टेंबर २०१३ रोजी रे डॉल्बी निवर्तले. त्या वर्षीचा गणेशोत्सव ९ सप्टेंबरला सुरू झाला होता. खरखर दूर करणारा हा संशोधक तिकडे कायमचा शांत झाला, त्या दिवसांत इकडे महाराष्ट्रात त्याच्या नावाने खिडक्यांची तावदाने थरथरत होती.

यंत्राला दोष देण्याचा येथे हेतू नाही. मिरवणुकीतील भिंतीचे खरे पूर्वज निराळे आहेत. जेन्सन आणि प्रिडहॅम या दोघांनी घडविलेल्या ध्वनिक्षेपकातून १९१५ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनापुढील प्रचंड जनसमुदायाला संगीत ऐकविण्यात आले. त्यांनी आपल्या यंत्राला दिलेल्या ‘मॅग्नाव्हॉक्स’ या लॅटिन नावाचा अर्थच ‘थोर आवाज’ असा आहे. त्या शोधामुळेच कीर्तनकाराचा शब्द शेवटच्या रांगेतील वृद्धेपर्यंत पोहोचतो. हे ऋण आपण मानलेच पाहिजे. परंतु ध्वनिवर्धकाने शब्द पोहोचवावा अशी अपेक्षा असताना तो शब्दच बुडवू लागला, तर त्याला उत्सवाचे साधन कसे म्हणावे?

या प्रश्नाची दुसरी बाजू प्रकृतीची आहे. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी घातली आहे. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी विसर्जनाच्या दिवशी मोजणी करीत आले आहेत, आणि १०० डेसिबलच्या आसपासचे आकडे तेथे नवे नाहीत. ५५ आणि १०० यांतील अंतर दुपटीचे भासते. पण डेसिबलचे गणित वेगळे असते. दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. म्हणजे हे अंतर तीस हजार पटींहूनही अधिक आहे. आपल्या अंतःकर्णात शंखाच्या आकाराचा एक अवयव आहे. त्यातील सूक्ष्म केशपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. पहिला बळी जातो तो भिंतीशेजारी रात्रभर नाचणाऱ्या आपल्याच मुलाच्या कानांचा.

‘वर्षातून दहाच दिवस, तेवढे सोसावे’ असे म्हटले जाते. घरातील रुग्णाला आणि पाळण्यातील बाळाला हे सांगता येईल काय? ‘इतरांच्या प्रार्थनास्थळांवरील कर्ण्यांचे काय?’ असाही प्रश्न येतो. त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच दिले आहे: ध्वनिवर्धक लावून इतरांची शांतता भंग करीत प्रार्थना करावी, असे कोणताही धर्म सांगत नाही. नियम सर्वांना सारखा असावा, ही मागणी रास्तच आहे; तिचा आरंभ आपल्या मंडपापासून झाला, तर तिला वजन येईल. आणि निखळपणे सांगावयाचे तर, मर्यादा सोडलेल्या ढोलताशालाही हाच न्याय लागू पडतो. कानाच्या पडद्याला परंपरा कळत नाही.

मार्गही विज्ञानाने दाखविलेला आहे. एका टोकाला प्रचंड भिंत उभारण्याऐवजी मंडपात ठिकठिकाणी लहान ध्वनिक्षेपक मंद ठेवावेत. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणून ३४ मीटरवरील क्षेपकाला एक दशांश सेकंद विलंब देणारी विद्युत्‌ योजना केली, की वक्त्याचा मूळ शब्द आणि क्षेपकातील शब्द एकत्र येतात आणि घुमारा कमी होतो. प्रत्येकास आरती स्पष्ट ऐकू येते, आणि शेजारच्या घरातील झोप मोडत नाही. आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारी उपकरणेही सहज मिळतात. वर्गणी मागावयास येणाऱ्या कार्यकर्त्यांना घरातील ज्येष्ठांनी या गोष्टी आपुलकीने विचारल्या, तर त्या उपदेशाहून अधिक उपयोगी पडतील.

जपाचे वाचिक, उपांशु आणि मानस असे तीन प्रकार आपल्या शास्त्रांनी सांगितले. मनुस्मृतीने उच्चारलेल्या जपाहून ओठांतल्या ओठांतील उपांशु जप श्रेष्ठ मानला, आणि त्याहूनही मानस जप अधिक श्रेष्ठ मानला. आवाज जसजसा उतरतो तसतसे पुण्य चढते, असे हे माप आहे. टाळांचा नाद, घंटेचा मागे रेंगाळणारा स्वर, आरतीनंतरचे ते क्षणभराचे मौन, हे सारे हळुवार स्वर आहेत, आणि डॉल्बींनी जपले ते असेच स्वर. यंदा श्रींच्या आगमनाच्या वेळी तेवढे तरी आपल्या कानी पडोत, आणि मिरवणुकीतील तरुण मुलांना त्या शूर्पकर्णाचे कान लाभोत, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.