समुपदेशनाच्या नोंदी कोणासाठी?

देशात २०२२ या एका वर्षात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात आहे. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते. इतर कोणत्याही राज्यात ही संख्या एवढी मोठी नव्हती. ही आकडेवारी पोलीस ठाण्यांतून येते, म्हणजे विद्यार्थी गेल्यानंतरची असते. तत्पूर्वी त्यांतील किती जण समुपदेशकाकडे गेले, किती दिवस ताटकळले, एकदा येऊन पुन्हा न फिरकलेले किती, याचा देशव्यापी हिशेब मांडला जात नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांमुळे तो मांडण्यास आधार मिळाला आहे. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता असावा आणि संस्थेने विद्यार्थ्यांची ओळख उघड न करता नोंदी ठेवून नियामक यंत्रणेस वार्षिक अहवाल द्यावा, असा हा आदेश आहे. या अहवालांतून एक राष्ट्रीय माहितीकोश उभारावा, ही कल्पना ओघानेच येते. ती स्वागतार्ह आहे. परंतु केवळ अहवालांची चळत रचून असा कोश तयार होणार नाही.

एक महाविद्यालय तीनशे मुलांपुढील व्याख्यानालाही समुपदेशन म्हणेल, दुसरे एकाच मुलाशी झालेल्या दहा बैठकांना. यांची बेरीज करता येईल, तिला अर्थ मात्र राहणार नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील केंद्र शेकडो महाविद्यालयांची अशी माहिती एकत्र करते, ते समान प्रश्नावलीच्या बळावर. आपल्याकडे ती प्रश्नावली प्रत्येक भाषेत स्वतंत्रपणे घडवावी लागेल. ‘नैराश्य वाटते का’ या प्रश्नाला नकार देणारा खेड्यातला मुलगा ‘जेवण जात नाही, अभ्यासाला बसवत नाही’ असे सहज सांगून जातो.

याहून गंभीर प्रश्न आहे तो अहवाल कोणाच्या हाती जाणार हा. मान्यता आणि अनुदान ज्यांच्या मर्जीवर, त्यांनाच आकडे द्यावयाचे असतील तर प्राचार्य ते सोयीचेच देतील. वस्तुतः जेथे समुपदेशक विश्वासू, तेथे येणाऱ्यांची संख्या वाढणारच. तक्त्यात मात्र तेच महाविद्यालय रोगट दिसेल. कॉपीची प्रकरणे ‘निरंक’ दाखविणारी परीक्षाकेंद्रे महाराष्ट्राला अपरिचित नाहीत. म्हणून हा कोश नियामकांकडे न ठेवता ‘टेलि-मानस’चा अनुभव असलेल्या बंगळूरच्या निम्हान्ससारख्या वैद्यकीय संस्थेकडे सोपवावा आणि संस्थांच्या मूल्यांकनाशी त्याचा संबंध नसावा.

शिवाय नाव गाळले म्हणजे ओळख पुसली, असे होत नाही. तालुक्याच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला चारच मुली असतील, तर वर्ग आणि विषय एवढे पुरे होते. अशा ठिकाणची माहिती जिल्ह्याच्या बेरजेतच यावी. ‘अपार’ क्रमांकाशी हा कोश जोडण्याचा मोहही आजच नियमाने बंद करावयास हवा. मानसिक आरोग्यसेवेतील गोपनीयतेचा हक्क २०१७ च्या कायद्याने दिला आहे. पण आपले बोलणे पुढे नोकरीच्या मुलाखतीत निघेल, अशी नुसती शंका आली तरी विद्यार्थी त्या खोलीची पायरी चढणार नाही.

खर्चाचा विचारही याच क्रमाने व्हावा. संगणकप्रणालीसाठी तरतूद लवकर होते, पदांसाठी होत नाही. तासाच्या मानधनावर नेमलेल्या समुपदेशकाकडेच हे तक्ते भरण्याचे काम आले, तर तो वेळ समोर बसलेल्या विद्यार्थ्याच्या वाट्यातून जाईल.