चित्रकलेचा तास कोणाच्या मालकीचा?

माध्यमिक शाळांच्या वेळापत्रकांत चित्रकलेचा तास असतो. परंतु तो चित्रकलेच्या वांट्यास येतोच असें नाहीं. गणिताचा भाग मागें राहिला, घ्या तो तास; संमेलनाची तयारी करावयाची आहे, घ्या तो तास; दहावीची परीक्षा जवळ आली, तर तो तास बंदच ठेवा, असा प्रघात अनेक ठिकाणीं पडून गेला आहे. वाटेल त्यानें वहिवाट करावी आणि मूळ मालकानें तोंडांतून अवाक्षर काढूं नये, अशी ही मिळकत झाली आहे.

आतां कायदा या तासाकडे कसा पाहतो तें पाहूं. मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याच्या परिशिष्टांत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठीं विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रें व भाषा यांस निदान एकेक शिक्षक असावा असें सांगितलें आहे. कलाशिक्षणास मात्र ‘अंशकालीन निदेशक’, आणि तोहि पटावर शंभरांहून अधिक मुलें असतील तरच! शंभरांच्या आंत पट असलेल्या खेड्यांतील मुलांस डोळे व हात नसतात, असें कायदेकारांस वाटलें काय? शिवाय हा कायदा आठवीपाशीं थांबतो. नववी-दहावीच्या मुलांस त्याचा आधार नाहीं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें कला व शास्त्र यांमधील भिंत पाडण्याची भाषा केली आहे, ती आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. परंतु धोरण हें वचन असतें, आणि वचनाची किंमत तें पाळण्यासाठीं किती माणसें नेमलीं यावरून ठरते.

यावर कोणी म्हणेल कीं, कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षांस मुलें मोठ्या संख्येनें बसतात, मग तक्रार कसली? त्या परीक्षांचे विषय चांगलेच आहेत. वस्तु समोर ठेवून काढावयाचें चित्र, स्मरणचित्र, नक्षीकाम, भूमिति व अक्षरलेखन यांनीं डोळा, हात व बुद्धि या तिन्हींस वळण लागतें. परंतु इंटरमीजिएटच्या अ श्रेणीस ७, ब श्रेणीस ५ व क श्रेणीस ३ असे वाढीव गुण दहावीस मिळूं लागल्यापासून पुष्कळ पालकांचें लक्ष चित्रावरून उडून गुणांवर बसलें आहे. मग मुलगा एकच देखावा घोटून तयार करतो: दोन डोंगर, मध्यें सूर्य, खालीं नदी, कांठीं झोपडी. स्मरणचित्र म्हणजे स्वतः पाहिलेलें आठवून काढणें. पाठ केलेलें उतरविणें नव्हे. ज्या मुलानें आपल्या गांवचा बाजार कधीं नीट न्याहाळला नाहीं, त्यानें बाजाराचें चित्र काढून गुण मिळविले, तर त्या गुणांचा उपयोग काय?

‘चित्रें काढून पोट भरतें काय?’ असें विचारणाऱ्या व्यापारी बंधूंस आम्ही एका व्यापाऱ्याचेंच उदाहरण देतों. सर जमशेटजी जिजीभाई यांनीं एक लाख रुपयांची देणगी दिली, आणि १८५७ सालीं मुंबईची कलाशाळा उघडली. कारागिराचा हात सुधारला तर देशाचा माल सुधारेल, हा हिशेब त्या धोरणी पुरुषास कळला होता. १८८५ सालीं दादासाहेब फाळके यांनीं याच शाळेंत प्रवेश घेतला आणि १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आणला. त्यांनीं घातलेल्या पायावर पुढें केवढा धंदा उभा राहिला, हें व्यापाऱ्यांस आम्हीं सांगावयास नको.

प्रत्येक मूल फाळके होणार नाहीं, हें खरें. परंतु शिंपी कापड बेततो, सोनार नक्षी उठवितो, सुतार सांधा जुळवितो, येवल्याचा विणकर पदराची वेलबुट्टी बसवितो. या सर्वांस प्रमाण ओळखणारा डोळा लागतो. गिऱ्हाइकासहि तो लागतो; नाहीं तर भडक तेंच सुंदर ठरतें आणि उत्तम कारागीर उपाशी मरतो.

याच कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनीं जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखालीं १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. त्यांपैकीं लंडनास नेलेल्या पुष्कळशा तेथील आगींत जळून गेल्या. मूळ चित्रें आपल्याच डोंगरांत उभीं आहेत. पण तीं पाहावयास जाणारीं आपलीं मुलें भिंतीकडे पाठ करून स्वतःचींच छायाचित्रें घेतात. हा दोष मुलांचा नाहीं. पाहावें कसें, हें त्यांस कोणी शिकविलेंच नाहीं.

म्हणून आमचें मागणें स्पष्ट आहे. पट कितीहि असो, प्रत्येक माध्यमिक शाळेस चित्रकलेचा शिक्षक कायम नेमणुकीचा असावा. लहान शाळांनीं दोघींतिघींत मिळून एक ठेवावा, परंतु त्यास पूर्ण पगार द्यावा. आठवड्यांतील दोन तास अन्य विषयांनीं घेऊं नयेत, अशी ताकीद शिक्षणखात्यानें मुख्याध्यापकांस द्यावी. गुण द्यावयाचेच तर वर्षभराची चित्रवही पाहून द्यावेत. आणि व्यापाऱ्यांनीं सरकारची वाट न पाहतां आपल्या गांवच्या शाळेस कागद व रंग पुरवावे, आपल्या पेढ्या व कारखाने मुलांस वही घेऊन बसण्यास मोकळे करावे. जमशेटजींनीं लाख दिले. आपणांपैकीं प्रत्येकानें एका वर्गाच्या कागदाचा खर्च उचलला तरी या वर्षापुरतें पुष्कळ झालें.