देह कुजतो, पुरावा कुजू देऊ नका

आपल्या माणसाचा संशयास्पद मृत्यू झाला की चळवळीचे कार्यकर्ते आधी पोलीस ठाण्यावर धाव घेतात. एफआयआर कोणत्या कलमाखाली झाला, अॅट्रॉसिटी लागली की नाही, आरोपींची नावे आली की नाही, यावर रात्र रात्र घासाघीस चालते. हे सारे आवश्यकच आहे. पण त्याच रात्री शवागाराच्या लादीवर पडलेल्या देहाकडे कुणाचे लक्ष असते? साक्षीदार फितूर होतो, पंच उलटतो, डायरीतील पान बदलते. देह मात्र खोटे बोलत नाही. तो फक्त कुजतो. आणि तो कुजावा याची वाट पाहणारे लोक या देशात कमी नाहीत.

म्हणून कुजू लागलेला देह कसा टिकवतात, हा विषय केवळ डॉक्टरांचा आहे असे आम्ही मानत नाही. हा न्यायाचा विषय आहे.

आधी शास्त्र समजून घेऊ. माणूस मेला तरी त्याच्या आतड्यातील जंतू मरत नाहीत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बारा ते अठरा तासांत पोटाच्या उजव्या बाजूला, खाली, हिरवट डाग दिसू लागतो. पुढे वायू साठून पोट फुगते, चेहरा सुजतो, कातडीवर फोड येऊन ती सुटू लागते. शवागारात चार अंश सेल्सियसच्या आसपास थंडावा असेल तर ही क्रिया मंदावते, पण थांबत नाही. थांबवायची तर रसायन लागते. त्यालाच शवसंलेपन किंवा एम्बामिंग म्हणतात. ताज्या देहात मानेच्या किंवा मांडीच्या एका धमनीतून फॉर्मेलिनचे द्रावण सोडले की ते रक्तवाहिन्यांतून सर्वत्र पोहोचते. पण कुजू लागलेल्या देहाच्या रक्तवाहिन्याच फुटलेल्या असतात, एका ठिकाणी सोडलेले द्रावण मध्येच झिरपून जाते. मग अधिक तीव्र द्रावण घ्यावे लागते आणि दोन्ही बाजूंनी मान, काख, जांघ अशा सहा ठिकाणांहून ते सोडावे लागते. जिथे तेही पोहोचत नाही तिथे सुईने थेट कातडीखाली टोचावे लागते. छाती-पोटात पोकळ नळी घालून वायू आणि द्रव ओढून काढतात व त्या जागी तीव्र रसायन भरतात. सुटलेल्या कातडीवर औषधात भिजवलेल्या कापसाच्या पट्ट्या ठेवतात आणि शेवटी देह प्लास्टिकमध्ये गुंडाळतात. एवढे करूनही गेलेला चेहरा परत येत नाही. कुजणे आहे तिथे थांबते, एवढेच.

आता दुसरी बाजू. जे रसायन देह टिकवते तेच पुरावा बिघडवते. फॉर्मेलिन भरल्यावर सायनाइडसारख्या विषाचा शोध लागणे अवघड होते, दारूच्या तपासणीचा भरवसा राहत नाही, डीएनएचे तुकडे पडतात. पोटात घातलेल्या नळीचे भोक आणि सुऱ्याची जखम यांचा घोळ घालता येतो. म्हणूनच विषाच्या तपासणीसाठी काढलेला व्हिसेरा फॉर्मेलिनमध्ये नव्हे, तर मिठाच्या संपृक्त पाण्यात ठेवतात. याचा अर्थ सरळ आहे. आधी संपूर्ण शवविच्छेदन, आधी नमुने, आधी फोटो, एम्बामिंग त्यानंतर. हा क्रम उलटला की देह टिकतो आणि सत्य नष्ट होते.

हा क्रम उलटला तर काय होते, हे पाहायला अमेरिकेत जावे लागेल. त्या देशातील काळ्या लोकांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले होते आणि १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नाव तिथल्या ब्लॅक पँथरवरून घेतले होते.

१९५५ सालच्या ऑगस्टमध्ये शिकागोचा चौदा वर्षांचा काळा मुलगा एमेट टिल मिसिसिपी राज्यात नातेवाइकांकडे गेला होता. एका गोऱ्या बाईशी तो आगाऊपणे वागला, एवढ्या आरोपावरून २८ ऑगस्टच्या पहाटे त्याला घरातून उचलून नेले. ३१ ऑगस्टला त्याचा देह टॅलाहॅची नदीत सापडला. कापूस पिंजण्याच्या यंत्राचा लोखंडी पंखा काटेरी तारेने गळ्याला बांधलेला होता. चेहरा ओळखू येत नव्हता, बोटातील अंगठीवरून ओळख पटली. तिथल्या शेरीफला देह त्याच दिवशी मिसिसिपीच्या मातीत गाडून टाकायचा होता. खड्डाही खणायला घेतला होता. मुलाची आई मेमी टिल हिने शिकागोहून हट्ट धरला म्हणून देह परत आला, तोही पेटीत बंद करून आणि पेटी उघडायची नाही या अटीवर.

त्या माउलीने पेटी उघडायला लावली. मुलाचा चेहरा रंगरंगोटी करून लपवायला तिने नकार दिला. दर्पामुळे शवपेटीवर काच बसवली आणि हजारो लोकांना अंत्यदर्शन घडवले. ‘जेट’ या काळ्या लोकांच्या साप्ताहिकाने तो फोटो छापला. त्यानंतर तीनच महिन्यांनी, १ डिसेंबर १९५५ रोजी, रोझा पार्क्स यांनी माँटगोमेरीच्या बसमधील जागा सोडायला नकार दिला. एका कुजलेल्या चेहऱ्याने एका समाजाला उभे केले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

पण न्यायालयात काय झाले? देहाचे एम्बामिंग झाले होते, शवविच्छेदन मात्र झालेच नव्हते! याच भगदाडातून आरोपींचे वकील आत शिरले. शेरीफने साक्ष दिली की देह इतका कुजला होता की तो दहा दिवस तरी पाण्यात असला पाहिजे. म्हणजे तीन दिवसांपूर्वी नाहीसा झालेला मुलगा तो नव्हेच. एका डॉक्टरने आणि देहाला रसायन भरणाऱ्या एम्बामरनेही बचाव पक्षाच्या बाजूने तेच सांगितले. सर्व गोऱ्या पुरुषांच्या ज्युरीने ६७ मिनिटांत दोघाही आरोपींना सोडून दिले. पुढे जानेवारी १९५६ मध्ये त्याच दोघांनी ‘लुक’ मासिकाला आपला गुन्हा सांगितला, कारण एकदा सुटल्यावर पुन्हा खटला चालू शकत नव्हता. देहाचे कुजणे हेच आरोपींचे वकीलपत्र झाले. हा डाव आपल्या ओळखीचा नाही काय?

मात्र गोष्ट तिथे संपली नाही. देह पुरलेला होता, जाळलेला नव्हता. २००५ साली, पन्नास वर्षांनी, तो बाहेर काढून पहिल्यांदा शवविच्छेदन झाले. डीएनएवरून तो एमेट टिलच असल्याचे सिद्ध झाले, कवटीत धातूचे तुकडे मिळाले. तोवर दोघेही आरोपी मरून गेले होते. शिक्षा कुणाला झाली नाही, पण पन्नास वर्षांचा खोटेपणा गाडला गेला.

आता आपल्या अंगणात या. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन या भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. देह कालव्यात फेकले. तिथेही पाणी, तिथेही कुजणे, आणि पहिले शवविच्छेदन इतके वरवरचे की पुरलेले देह उकरून ते पुन्हा करावे लागले. तोवर हातातून किती गेले याचा हिशेब कोण देणार? काही पोलीस आणि डॉक्टर निलंबित झाले, पण निलंबनाने निसटलेला पुरावा परत येत नाही. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, पण बलात्कार सिद्ध झाला नाही आणि अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागू झाला नाही. २०१० साली उच्च न्यायालयाने सहा जणांची फाशीही रद्द केली.

चौदा वर्षांनी, त्याच २९ सप्टेंबरला, उत्तर प्रदेशातील हाथरसची दलित तरुणी दिल्लीच्या रुग्णालयात मरण पावली. त्याच रात्री पोलिसांनी तिचा देह गावी आणला आणि घरच्यांना दूर ठेवून पहाटेपूर्वी जाळून टाकला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, पण राखेचे दुसरे शवविच्छेदन होत नसते. २०२३ साली चारपैकी तिघे सुटले, एकाला सदोष मनुष्यवधासाठी शिक्षा झाली. खैरलांजीत देह पुरले होते म्हणून दुसरी तपासणी निदान होऊ शकली. हाथरसमध्ये ती वाटच जाळली गेली. पुरणे आणि जाळणे यातला हा फरक आपण लक्षात ठेवला पाहिजे.

आणि शवविच्छेदनाचा कागद उभा राहिला तर काय होते तेही आपण पाहिले. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. विधानसभेत सरकार आजाराचे कारण सांगत होते, पण शवविच्छेदनाचा अहवाल अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याबद्दल बोलत होता. त्याच अहवालाच्या आधारावर लढाई पुढे गेली आणि जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला.

आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही. कुजलेल्या देहाला प्रत्यक्ष हात कोण लावतो? शवागारातील कामगार बहुतेक ठिकाणी आपल्याच वस्त्यांतून आलेला असतो. फॉर्मेलिनमधील फॉर्मल्डिहाइड कर्करोग घडवते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच जाहीर केले. तरी त्याच्या हातात धड मोजे नसतात, तोंडावर मास्क नसतो. जखम सर्वात आधी त्याला दिसते, पण अहवालावर सही दुसऱ्याची असते. हात आमचे आणि सही त्यांची, ही मनूची वाटणी शवागारातही सुटलेली नाही!

मग करायचे काय? आमचे म्हणणे असे. पहिल्या तासातच देह शीतगृहात ठेवण्याची मागणी लेखी करा. शवविच्छेदन प्राथमिक आरोग्य केंद्रात उरकू देऊ नका. न्यायवैद्यक विभाग असलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात आणि व्हिडिओ चित्रणासह ते व्हावे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये सूर्यास्तानंतर शवविच्छेदनाला परवानगी दिली, पण खून, बलात्कार, संशयास्पद मृत्यू आणि कुजलेले देह त्यातून वगळले, कायदा-सुव्यवस्थेचे कारण असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा रात्रीची घाई कशासाठी, हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. कोठडीत मृत्यू असेल तर चौकशी मॅजिस्ट्रेटने करायची आणि शक्य तिथे नातेवाइकांना हजर राहू द्यायचे, असे नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९६ सांगते. शवविच्छेदनापूर्वी एम्बामिंग नको. देह दूर नेायचा असेल तर नमुने घेतल्यावरच ते करा आणि कोणते रसायन कुठून सोडले याची नोंद मागा. संशय शिल्लक असेल तर अग्नी देऊ नका, दफन करा.

एक गोष्ट आपल्या माणसांनाही सांगितली पाहिजे. आरोपींना अटक होईपर्यंत देह ताब्यात घेणार नाही, हा निर्धार रास्त आहे. पण शीतगृह बंद पडलेल्या खोलीत देह पाच दिवस पडून राहिला तर निर्धार आपला आणि फायदा आरोपीचा होतो. दुसऱ्या शवविच्छेदनाची मागणी करायची तर पहिल्या दिवशी करा, पाचव्या दिवशी नव्हे. आंदोलन रस्त्यावर चालू द्या, पण एक जाणता कार्यकर्ता, एक वकील आणि शक्य असेल तर आपल्याच समाजातील एक डॉक्टर शवागाराच्या दारात बसवा.

समाजात आज शेकडो डॉक्टर आहेत, वकील आहेत. बाबासाहेबांच्या पुण्याईने मिळालेली ही पदवी जिल्ह्याजिल्ह्यात अशा एका पथकाच्या कामी यायला नको काय? मेमी टिल एकटी बाई होती, परक्या राज्याच्या सत्तेशी ती भांडली आणि तिने पेटी उघडायला लावली. आपण तर संघटित आहोत. पेटी बंद होण्याआधीच आपण तिथे पोहोचले पाहिजे.