फोटो पुसू नका

नगरमधले जुने वाडे पडताहेत आणि दारावर पुढे झुकवून टांगलेल्या तसबिरी खाली उतरताहेत. काचेमागे आजोबांचा फेटा पिवळा पडलेला, कोपरा कसरीने खाल्लेला. नव्या घरात लावायच्या म्हणून कुणीतरी लगेच ओलं फडकं आणतं. ते आधी बाजूला ठेवा.

जुन्या कृष्णधवल फोटोत कागदावर जिलेटिनचा थर असतो आणि त्यात चांदीचे बारीक कण. ओल लागली की जिलेटिन फुगतं, मऊ पडतं आणि फडक्याबरोबर नाकडोळे उचलून नेतं. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढायचा नाही. काचेसकट स्कॅन करून घ्यायचा आणि मूळ फोटो जाणकाराच्याच हाती द्यायचा. घरी करण्याजोगं काम म्हणजे मऊ कोरड्या ब्रशने हलकेच धूळ झटकणं. फोटो धुताना राहिलेल्या हायपो या रसायनाने किंवा मागच्या पुठ्ठ्यातल्या आम्लाने आलेला पिवळेपणा पुसून जात नाही. कडांवरची निळसर चकाकी ही वर आलेली चांदीच असते. ती घासली की चित्रच जातं.

उजळ फोटो हवा असेल तर स्कॅन केलेल्या प्रतीवर काम करावं, पण तिथेही हात राखून. दुकानात हल्ली संगणकावर सुरकुत्या, देवीचे व्रण, सगळं गुळगुळीत करून देतात. मला ते सहन होत नाही. उदाहरण घ्या: आपल्या अरणगावजवळच्या मेहेराबादला आध्यात्मिक गुरू मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ रोजी मौन धरलं, ते १९६९ मध्ये देह ठेवेपर्यंत सुटलं नाही. १९५४ पर्यंत ते अक्षरफळ्यावर बोट ठेवून बोलत, पुढे नुसत्या खुणांनी. त्यांच्या फोटोतलं बोट डाग समजून कुणी पुसलं, तर त्या क्षणी ते काय सांगत होते तेच पुसलं जाईल. आपल्या आजीच्या हातावरचं गोंदणही तितकंच मोलाचं आहे.

भिंतीवर प्रतच लावावी. मूळ फोटोच लावायचा हट्ट असेल तर आम्लरहित माउंट घ्या, म्हणजे काच फोटोला टेकत नाही. फेव्हिकॉल, सेलोटेप, लॅमिनेशन काहीही नको. उन्हाची भिंतही नको. जुना पुठ्ठा फेकण्याआधी उलटून पाहा, स्टुडिओचा शिक्का बहुतेकदा तिथेच असतो. आणि फोटोतली माणसं ओळखणारं कुणी घरात असेल, तर आजच त्यांच्याजवळ बसून नावं विचारा आणि मऊ पेन्सिलीने मागच्या कडेला लिहून ठेवा.